शिकवणाऱ्या बाईचा गुन्हा

इंग्रजी बालसाहित्याच्या इतिहासातील एक खटला १८०२ साली एकतर्फी चालला, त्याच दिवशी निकालात निघाला, आणि त्यावरचे अपील दाखल व्हायला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. २३ ऑक्टोबर १८०२ रोजी चार्ल्स लॅम्बने कोलरिजला एक पत्र लिहिले. बहीण मेरी न्यूबेरीच्या दुकानात मुलांची जुनी पुस्तके विचारायला गेली होती. 'गुडी टू-शूज'सारखे पुस्तक जवळजवळ दुर्मीळ झालेले. दुकानातल्या माणसाने अशी पुस्तके कोपऱ्यातल्या फळीवरून मोठ्या नाखुशीने काढून दिली. मिसेस बार्बोल्ड आणि मिसेस ट्रिमर ह्यांच्या पुस्तकांचे मात्र तेथे ढीग लागलेले होते. एवढ्या निमित्ताने लॅम्बने बार्बोल्ड आणि तिच्या सगळ्या टोळीला शाप दिला. मोठ्यांत आणि मुलांत जे काही माणूसपण असते त्याला लागलेली ही कीड आहे आणि काव्याला हुसकून तिथे शास्त्र येऊन बसले आहे, अशी त्याची तक्रार होती.

खाजगी पत्रात मित्राजवळ माणूस वैतागाने असे काहीबाही लिहितो. त्याबद्दल लॅम्बला आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. दोष आहे तो ह्या वैतागाला वाङ्मयेतिहासाचे प्रमाण मानणाऱ्यांचा. हार्वे डार्टनने १९३२ साली इंग्लंडमधील बालपुस्तकांचा जो मोठा इतिहास लिहिला, त्याच्या आरंभीच मुलांना उत्स्फूर्त आनंद देण्यासाठी छापलेली ती बालपुस्तके, मुख्यतः शिकवण्यासाठी छापलेली ती नव्हेत, अशी विभागणी करून टाकली आहे. विभागणी वरकरणी निरुपद्रवी दिसते. पण तिचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्या काळात ज्यांना शिकवण्याच्या निमित्तानेच लेखणी हातात धरण्याची मुभा होती, त्यांचे लेखन इतिहास सुरू होण्याआधीच इतिहासाबाहेर जाते. जेफ्री समरफील्डने १९८४ मध्ये कल्पनाशक्ती विरुद्ध विवेकबुद्धी असा झगडा रंगवून हीच मांडणी पुढे चालवली. मिट्झी मायर्सचा ह्या मांडणीवर उघड आक्षेप घेणारा निबंध आला १९८६ साली. तोवर बार्बोल्ड हे नाव इंग्रजीच्या विद्यार्थ्याला बहुधा लॅम्बच्या शिवीतूनच माहीत होत असे.

आता पुरावा पाहावा. ज्या पुस्तकाच्या विरहाने लॅम्ब व्याकूळ झाला ते 'गुडी टू-शूज' (१७६५) कशाविषयी आहे? मार्जरी नावाची एक पोरकी मुलगी शाळेतून परतणाऱ्या मुलांकडून अक्षरे शिकते, लाकडाची अक्षरे कोरते, ती टोपलीत घालून घरोघर मुलांना शिकवत हिंडते आणि अखेर गावच्या शाळेची बाई होते. भुताखेतांवर विश्वास ठेवू नये, हे त्यात एका प्रसंगाने पटवून दिले आहे. पुढे ही मार्जरी हवामापक यंत्र पाहून शेतकऱ्यांना गवत कधी कापावे ते सांगते, आणि त्या ज्ञानापायी गावातले लोक तिला चेटकीण ठरवतात. म्हणजे ज्या पुस्तकाला लॅम्ब काव्याच्या बाजूचे समजत होता, त्याची नायिका एक शिकवणारी बाई आहे. तिच्या हातात शास्त्राचे उपकरण आहे आणि शेजारीपाजारी तिच्यावर चेटकाचा आळ घेतात. लॅम्बने आपले आवडते पुस्तक मोठेपणी पुन्हा वाचले होते की नाही, असा प्रश्न पडावा इतका हा विरोधाभास ढळढळीत आहे. खरे तर ते पुस्तक आणि 'बार्बोल्डची पुस्तके' ह्यांत बोधाचा फरक नव्हता. पहिल्याच्या कर्त्याचे नाव छापलेले नव्हते (पुष्कळांनी ते गोल्डस्मिथचे मानले आहे), आणि त्याच्याभोवती बालपणाच्या आठवणींचे धुके होते; दुसऱ्यावर एका हयात, विद्वान, राजकारणावर पत्रके लिहिणाऱ्या बाईचे नाव होते.

'टोळी' हा शब्दही तपासून घेतला पाहिजे, कारण अशी टोळी अस्तित्वातच नव्हती. अ‍ॅना लेटिशिया बार्बोल्ड (१७४३–१८२५) प्रस्थापित चर्चबाहेरच्या, विरोधी मताच्या पंथातली होती. त्या पंथीयांना अधिकारपदांपासून दूर ठेवणारे कायदे रद्द व्हावेत म्हणून तिने १७९० साली पत्रक लिहिले, १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध विल्बरफोर्सला उद्देशून काव्य लिहिले, १७९३ मध्ये युद्धखोर सरकारच्या पापांची जबाबदारी राष्ट्रावर येते असे बजावले. सेरा ट्रिमर (१७४१–१८१०) प्रस्थापित चर्चची निष्ठावंत सेविका होती. रूसो आणि फ्रेंच क्रांती ह्यांच्या सावलीचाही तिला संशय येई. १८०२ ते १८०६ ह्या काळात तिने चालवलेले 'गार्डियन ऑफ एज्युकेशन' हे नियतकालिक मुलांच्या पुस्तकांचे गंभीर परीक्षण करणारे पहिले नियतकालिक समजले जाते, आणि सिंड्रेलासारख्या कथांवरचा तिचा रोख प्रसिद्ध आहे. मेरी वुलस्टनक्राफ्टच्या 'ओरिजिनल स्टोरीज'च्या (१७८८) १७९१ च्या आवृत्तीसाठी विल्यम ब्लेकने चित्रे काढली. ती स्त्रियांच्या हक्कांची कैवारी होती. मारिया एजवर्थ आयर्लंडमधल्या जमीनदाराची मुलगी. एक धर्मसुधारक, एक कर्मठ, एक क्रांतिकारक, एक उदारमतवादी जमीनदारकन्या, ह्यांना एका दावणीला बांधणारे सामान्य लक्षण एकच निघते: त्या बायका होत्या आणि मुलांसाठी लिहीत होत्या. पुरुषांच्या बाबतीत एवढ्या भिन्न मतांची माणसे कोणी 'टोळी' म्हणून मोजली असती तर त्या इतिहासकाराला विषय कळत नाही, असे म्हटले गेले असते.

बार्बोल्डने केले काय? 'लेसन्स फॉर चिल्ड्रेन' (१७७८–७९) तिने दत्तक घेतलेल्या भाच्यासाठी, चार्ल्ससाठी, लिहिले. पहिला भाग दोन ते तीन वर्षांच्या मुलासाठी, पुढचे भाग वाढत्या वयासाठी. वयाप्रमाणे पुस्तक वाढवत नेण्याची कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला तरी प्रथम नेटाने राबवावी लागली, हेच ध्यानात येत नाही. मोठा ठसा, चांगला कागद, मजकुराभोवती भरपूर मोकळी जागा ह्या गोष्टींचा तिने प्रस्तावनेत आग्रह धरला आहे. अशा वयाच्या डोळ्यांना बारीक दाट छपाई पेलत नाही, हे तिने मांडीवरच्या मुलाकडे पाहून ओळखले होते. आशयाच्या बाजूने पाहिले तर पुस्तकात मांजर आहे, पाऊस आहे, भूक आहे, बारा महिन्यांचे फिरणे आहे, आणि सतत एक आवाज आहे. तो आवाज आईचा, मुलाला जवळ घेऊन बोलणारा. वाक्ये इतकी आखूड की श्वास मध्ये तुटत नाही. प्रवचनाची भाषा सोडून बोलीच्या लयीत, दोन माणसांच्या संवादातून, एका विशिष्ट मुलाला उद्देशून गद्य रचणे ही घडणीची बाब आहे. 'लिरिकल बॅलड्स' (१७९८) ह्या संग्रहाने माणसांच्या खऱ्या बोलण्याच्या भाषेत कविता लिहिण्याचा प्रयोग केला म्हणून त्याच्यापासून युग मोजले जाते. त्याच्या वीस वर्षे आधी एका बाईने बालगद्यात हा प्रयोग केला, तर त्याला क्रमिक पुस्तक म्हणून बाजूला सारले जाते. प्रयोगाची नोंद कोणत्या खात्यात करायची, हे प्रयोग कोणी केला ह्यावर ठरत असेल, तर निदान त्याला सौंदर्यशास्त्र म्हणू नये.

एजवर्थच्या 'पर्पल जार' ह्या कथेचे उदाहरण तर वारंवार दिले जाते. ही कथा १७९६ च्या 'पेरेंट्स असिस्टंट'मध्ये आली आणि पुढे 'अर्ली लेसन्स'मध्ये (१८०१) गेली. लहानगी रोझामंड औषधांच्या दुकानातली जांभळी बरणी पाहून भुलते. फाटलेल्या जोड्यांऐवजी बरणी घ्यायची की कसे, हे आई तिच्यावरच सोपवते. घरी आल्यावर बरणीतले घाण वासाचे पाणी ओतले तर आत साधी काच निघते, आणि महिनाभर मुलीला नीटसे चालताही येत नाही. ह्या आईच्या निर्दयपणावर टीकाकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. कथा नीट वाचणाऱ्याला मात्र तीत वेगळे काही दिसेल. आई आज्ञा करत नाही. निवड मुलीची आहे, परिणामही मुलीचाच. ज्या काळात मुलीने काय घालावे, कोणाशी लग्न करावे, कोणत्या खोलीत बसावे हे इतरांनी ठरवायचे, त्या काळात सात वर्षांच्या मुलीच्या हाती निर्णय देणारी ही कथा आहे. नव्या बाजारपेठेत दुकानाच्या खिडकीतील रंग आणि वस्तूचा गुण ह्यांतले अंतर ती दाखवते. शिवाय शेवट बंद नाही: पुढच्या वेळी आपण शहाणपणाने वागू, ह्याची रोझामंडला खात्री वाटते, लगेच ती डळमळते आणि केवळ आशेवर येऊन थांबते. बोधकथेच्या अगदी शेवटच्या वाक्यात नायिकेने बोधाविषयी शंका घ्यावी, ही गोष्ट 'बोधवादी' ह्या शिक्क्याखाली दिसेनाशी होते. शिक्का मारण्याचा हाच फायदा असतो, मजकूर वाचावा लागत नाही.

लॅम्बच्या घरातच पाहावे. १८०७ साली 'टेल्स फ्रॉम शेक्सपियर' प्रसिद्ध झाले. वीसपैकी चौदा कथा मेरी लॅम्बने लिहिलेल्या, सहा शोकांतिका चार्ल्सने. शीर्षकपृष्ठावर नाव एकट्या चार्ल्सचे. प्रस्तावनेत ह्या कथांमुळे मुलांमध्ये सद्गुण बळावतील, स्वार्थी विचार दूर होतील, सौजन्य आणि औदार्य अंगी बाणेल, अशी ग्वाही दिली आहे; मुलींना बापाच्या ग्रंथसंग्रहात भावांइतक्या लवकर प्रवेश मिळत नाही, म्हणून हे पुस्तक विशेषतः त्यांच्यासाठी, असेही म्हटले आहे. पाच वर्षांपूर्वी ज्याला शाप दिला तोच धंदा, त्याच हेतूने, घरी चालू होता, आणि त्यातला मोठा वाटा एका बाईचाच होता. भारतातल्या शाळा-कॉलेजांत 'लॅम्बचा शेक्सपियर' पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. तो बहुतांशी मेरीचा शेक्सपियर होता, हे किती वर्गांत सांगितले गेले असेल, कोण जाणे.

ह्या सगळ्याला निव्वळ पुरुषी मत्सर म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यात एक सिद्धान्त गुंतलेला आहे आणि खरा वाद त्याच्याशी आहे. रोमँटिक विचाराने मूल हे निसर्गाचे, निरागसतेचे आणि म्हणून काव्याचे उगमस्थान ठरवले. ह्या विचारव्यूहात आईला फार मोठे स्थान आहे. 'प्रेल्यूड'च्या दुसऱ्या सर्गात वर्ड्‌स्वर्थने आईच्या कुशीतल्या तान्ह्याला कविप्रतिभेचा आरंभबिंदू मानले आहे. त्याच काव्याच्या पाचव्या सर्गात पुस्तकी शिक्षणाने घडवलेल्या, सगळे काही जाणणाऱ्या बालकाची टर उडवली आहे. दोन्ही सर्ग शेजारी ठेवून वाचले की अट स्पष्ट होते. आई पूज्य आहे, पण ती मुकी असेल तोवर. ती स्पर्श आहे, दूध आहे, दृष्टी आहे. बोलायचे काम पुढे मोठा झालेला मुलगा करील. तिने हातात पुस्तक घेतले, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुस्तक लिहिले, की ती निसर्गाची प्रतिनिधी न राहता मास्तरीण होते आणि मास्तरीण ही काव्याची वैरीण. कल्पनाशक्ती विरुद्ध बोध ह्या द्वंद्वाखाली बोलणारा मुलगा विरुद्ध लिहिणारी आई हे दुसरे द्वंद्व दडलेले आहे.

ह्याच द्वंद्वातून ती प्रसिद्ध आख्यायिका जन्मली. 'एन्शंट मरिनर'मध्ये बोध नाही, असे बार्बोल्डने म्हटले आणि कोलरिजने त्यात बोध जरा जास्तच झाला आहे असे उत्तर दिले. समीक्षेच्या वर्गात ही गोष्ट बाईच्या अरसिकतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिचा एकमेव साक्षीदार स्वतः कोलरिज आहे आणि त्याने ती सांगितली १८३० साली, बार्बोल्ड जाऊन पाच वर्षे झाल्यावर. त्याच कोलरिजने तरुणपणी ह्या बाईची भेट व्हावी म्हणून ब्रिस्टलपर्यंत पायपीट केली होती, ही गोष्ट मात्र तितक्या आवडीने सांगितली जात नाही.

मग तिने मुलांसाठी लिहिणे सोडून मोठ्यांच्या जगाविषयी लिहिले असते तर? तेही झाले. १८१० साली तिने ब्रिटिश कादंबरीकारांची पन्नास खंडांची मालिका संपादित केली आणि कादंबरीच्या उगमाविषयी व विकासाविषयी दीर्घ प्रस्तावना लिहिली. कादंबरीच्या इंग्रजी समीक्षेत तिचे स्थान अजून पुरेसे मान्य झालेले नाही. १८१२ मध्ये 'एटीन हंड्रेड अँड इलेव्हन' ही दीर्घ कविता आली. युद्धात गुंतलेल्या इंग्लंडचे वैभव ओसरेल आणि उद्या अमेरिकेतून प्रवासी लंडनचे अवशेष पाहायला येतील, असे तीत चित्र होते. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये क्रोकरने, नाव न देता, तिच्या विणकामाच्या सुयांवर आणि चष्म्यावर विनोद केले आणि तिची मुलांची पुस्तके फारशा गुणवत्तेची नसली तरी निदान अपायकारक नव्हती, म्हणून तिने तिथेच थांबावे असे सुचवले. त्यानंतर तिने मोठी कविता प्रसिद्ध केली नाही. लॅम्बच्या मते मुलांसाठी लिहिणे हा तिचा गुन्हा. क्रोकरच्या मते मुलांसाठी न लिहिणे हा तिचा गुन्हा. दोघांचे राजकारण भिन्न, शिक्षा एकच.

सामान्य वाचकांसाठी शास्त्र सुलभ करणाऱ्या लेखिकांच्या वाट्याला तर शिवीही आली नाही, विस्मरण आले. जेन मार्सेटचे 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री' (१८०६) एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी ह्यांच्या संवादातून रसायनशास्त्र मांडते. लेखिकेचे नाव पुस्तकावर कितीतरी वर्षे नव्हते. इंग्लंडमध्ये त्याच्या सोळा आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेत निघालेल्या आवृत्त्यांच्या शीर्षकपृष्ठांवर टिपा जोडणाऱ्या पुरुषांची नावे झळकली आणि पुष्कळांनी त्यांनाच कर्ते मानले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडेच्या हाती हे पुस्तक पडले. रसायनशास्त्राचा पाया आपल्याला त्यातून मिळाला, हे ऋण त्याने १८५८ साली, मार्सेटच्या मृत्यूनंतर, लिहून मान्य केले. प्रिसिला वेकफील्डने १७९६ मध्ये वनस्पतिशास्त्र दोन बहिणींच्या पत्रव्यवहारातून शिकवले. विद्यापीठाचे दार बंद असलेल्या मुलींना आणि कामगारांना ज्ञान ह्या संवादांतून आणि पत्रांतून मिळत होते. 'सुलभीकरण' हा शब्द समीक्षेत निंदाव्यंजक होऊन बसला आहे. तो उच्चारणाऱ्याला बहुधा ते दार कधी बंद मिळालेले नसते.

तथापि ह्या लेखिकांना सरसकट विद्रोहाच्या पूर्वजा ठरवणारी नवी स्त्रीवादी घाईही मान्य करता येत नाही. हॅना मोरच्या 'चीप रिपॉझिटरी ट्रॅक्ट्स'च्या (१७९५–९८) लाखो प्रती खपल्या त्या गरिबांनी आपल्या पायरीने राहावे, हे शिकवण्यासाठी. ट्रिमरच्या दृष्टीने रविवारच्या शाळा म्हणजे चाकरवर्ग सुशील करण्याचे साधन होते. एजवर्थ बाप-लेकीच्या 'प्रॅक्टिकल एज्युकेशन'मध्ये (१७९८) मुलांना नोकरांपासून दूर ठेवण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. बाईने लिहिले एवढ्यावरून ते मुक्तिदायी होत नाही. आक्षेप घ्यायचा तर येथे घ्यावा. त्यांनी बोध केला हा आक्षेप नव्हे; कोणाला, कशाचा आणि कोणाच्या हितासाठी बोध केला, हा प्रश्न आहे. लॅम्बच्या परंपरेला तो कधी सुचला नाही, कारण 'बोध वाईट' एवढे म्हटले की बोधाबोधांत निवड करण्याची जबाबदारी उरत नाही.

निवड केली तर काय हाती लागते ह्याचे एक उदाहरण पुरेसे व्हावे. बार्बोल्ड आणि तिचा भाऊ जॉन एकिन ह्यांच्या 'ईव्हनिंग्ज अ‍ॅट होम' (१७९२–९६) ह्या संग्रहात मालक आणि गुलाम ह्यांचा एक संवाद आहे. तो एकिनचा मानला जातो, कारण संग्रहातला मोठा भाग त्याचा होता. तरी जगाने पुस्तक बार्बोल्डच्या नावावर मांडले, आणि शिवी खाण्याची वेळ आली तेव्हा भावाचे नाव कोणाला आठवले नाही. पळून जाताना दुसऱ्यांदा पकडला गेलेला गुलाम त्या संवादात मालकाच्या एकेका युक्तिवादाला उत्तर देतो आणि अखेर मालक त्याला मुक्त करतो. १७९७ साली अमेरिकेत निघालेल्या 'कोलंबियन ऑरेटर' ह्या शालेय संग्रहात हा संवाद घेतला गेला. बाल्टिमोरमध्ये बाराएक वर्षांच्या एका गुलाम मुलाच्या हाती ते पुस्तक आले. फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात ह्या संवादाने आपल्या मनातल्या विचारांना जीभ दिली, असे नमूद केले आहे. माणूसपणाला लागलेली कीड ती हीच.

मराठीत हा प्रश्न परका नाही, कारण मोजपट्टीही आयात झाली आणि मालही. मराठी बालगद्याच्या आरंभी उभे असलेले सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचे 'बाळमित्र' (१८२८) फ्रेंच लेखक बेर्कँच्या पुस्तकावरून इंग्रजीमार्गे आले. ह्याच बेर्कँने ट्रिमरच्या निसर्गपरिचयाच्या पुस्तकाचा फ्रेंचमध्ये स्वैर अनुवाद केला होता. म्हणजे मराठी मुलांचे छापील गद्य ज्या घराण्यातून आले त्या घराण्यालाच लॅम्बचा शाप होता. पुढे आमच्या समीक्षेने एकोणिसाव्या शतकाला 'बोधवादी' म्हणून हातावेगळे केले तेव्हा तिने नकळत तोच शाप पुन्हा उच्चारला. ह्या शापाची अंमलबजावणी मात्र सर्वांवर सारखी झाली नाही. 'श्यामची आई' (१९३५) उघड संस्कारपर आहे. तिच्या भाबडेपणावर टीका झाली, पण तिला साहित्याबाहेर कोणी काढले नाही. तेथे शिकवणारी आई आहे आणि लिहिणारा मुलगा आहे, वर्ड्‌स्वर्थने घालून दिलेली अट तंतोतंत पाळली गेली आहे. सावित्रीबाई फुले ह्यांच्या 'काव्यफुले'मध्ये (१८५४) शिकण्याचा आग्रह धरणारी बाई स्वतः बोलते. तो संग्रह 'ऐतिहासिक महत्त्वाचा' ठरतो, आणि ह्या विशेषणाचा अर्थ समीक्षेच्या परिभाषेत 'वाचला नाही तरी चालेल' असा होतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापला गेला. शिकवण्याचा परिणाम एवढा थेट, एवढ्या लवकर आणि एवढ्या धारदार गद्यात क्वचितच नोंदला गेला असेल. त्या निबंधाचा विचार मराठी गद्यशैलीच्या संदर्भात अपवादानेच होतो.

आमची स्त्रीवादी समीक्षाही येथे चोखंदळ आहे. १८८२ साली दोन पुस्तके निघाली. ताराबाई शिंदे ह्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १९७५ मध्ये स. गं. मालशे ह्यांनी पुन्हा प्रकाशात आणले आणि ते योग्य कारणांसाठी गाजत राहिले. पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' मात्र अडचणीचे वाटते. बायकांनी कसे वागावे, काय शिकावे, घर कसे चालवावे हे सांगणारे ते पुस्तक 'द हाय-कास्ट हिंदू वूमन'च्या (१८८७) लेखिकेला शोभत नाही, म्हणून ते घाईने ओलांडले जाते, जणू ते दुसऱ्याच कोणा बाईने लिहिले असावे. परंतु १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या प्रवासाला लागलेला पैसा ह्याच बोधपर पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला होता.